सोमवारचं वजन

मुलांची वजनं आटोक्यात राहावीत, लेकीच्या शाळेच्या कँटीनमधलं तळकट बंद व्हावं आणि मुलांना रोज मैदानावर सोडावं, म्हणून तिने चपला झिजवल्या, पालकांची मोट बांधली, मुख्याध्यापकांचं डोकं खाल्लं. अखेर नियम झाला. पालकसभेत तिचा सत्कार झाला, तेव्हा तिला आकाश ठेंगणं झालं.

हातात पुष्पगुच्छ घेऊन ती घरी आली, तर लेक भरल्या ताटासमोर नुसती बसून होती.

"डबाही तसाच परत आणलास. पोट दुखतंय का गं?"

लेकीने नकारार्थी मान हलवली. बराच वेळ गोंजारल्यावर ती पुटपुटली, "नव्या नियमात दर सोमवारी वर्गात वजन करतात. बाई आकडा मोठ्याने वाचतात. आज माझा वाचला आणि सगळा वर्ग हसला."

"असं कसं हसले? थांब, उद्याच येते शाळेत. बाईंना चांगलं फैलावर घेते!"

"नको ना आई!" लेकीने घाबरून तिचा हात घट्ट धरला. "तू अजिबात येऊ नकोस. हे सगळं तू सुरू करायला लावलंस, ते अजून वर्गात कुणालाच ठाऊक नाही."