मत कुणाला?

सर्वेक्षणाला आलेल्या केतकीसोबत नगरसेवकाचा भाऊ आपणहून गल्लीभर फिरत होता. यंदा मत कुणाला, असं तिने विचारलं की तो म्हणायचा, "बिनधास्त सांगा, काकू." मग काकू नगरसेवकाचंच नाव घ्यायच्या.

शेवटच्या घरी इंदुताईंनी केतकीला पाणी प्यायला आत बोलावलं. "हा दारात उभा असताना खरं कोण बोलेल, पोरी?" त्या कुजबुजल्या. "गल्लीत पाण्याचा टँकर यांचाच येतो."

केतकीने गल्लीतली सगळी उत्तरं रद्द केली. "झालेलं काम पुसलंस?" साहेब फोनवर भडकले.

"ते झालंच नव्हतं, साहेब."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली. पहिल्या घरातल्या काकूंनी आधी तिच्यामागचा रस्ता न्याहाळला, तिला आत घेतलं आणि दाराला कडी लावली.

"हं, आता विचार."