जाळीतला खडा

"माझ्या गाडीला कुणीतरी हात लावतंय," मार्सियाल सोलांजच्या कानाशी पुटपुटला. "काल मी बॉनेटच्या फटीवर केस चिकटवून ठेवला होता. आज सकाळी नाही."

"वाऱ्यानं उडाला असेल."

"उडवायला माझ्याकडे उरलेत का?"

सोलांजनं स्टॉपवॉचची किल्ली पिळली. शर्यतवाल्याशी लग्न केलं की अंगठीबरोबर हेही गळ्यात पडतं. "हेल्मेट काढ आधी," ती म्हणाली. "निथळतोयस नुसता."

"तू ऐकलंस ना? परत गुदमरली. खाणीच्या वळणापाशीच."

तिनं ऐकलं होतं. सगळ्यांनीच ऐकलं होतं. दोन्हीकडे पिकलेला गहू, मधून सरळ रस्ता. अशा ठिकाणी इंजिनाचा आवाज लपत नाही. निळी गाडी किंचाळत जायची आणि खडूच्या खाणीपाशी, वळणाच्या जरा आधी, तो आवाज तुटायचा, बोलता बोलता कुणी आवंढा गिळावा तसा. मग पुन्हा सुरू. तेवढ्यापुरता गाड्यांच्या अड्ड्यावरचा प्रत्येक माणूस काहीतरी हुडकायला खाली वाकायचा. गेल्या उन्हाळ्यात ल्युक, त्यांच्यातलाच एक शर्यतवाला, त्याच वळणावर अपघातात गेला होता, मार्सियालच्या पुढ्यात, त्याच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून ल्युकचं नाव इथं कुणी काढत नसे.

मार्सियालची नजर आंसेल्मवर होती. आंसेल्म त्याचा मेकॅनिक, मोटारसायकलींच्या दिवसांपासूनचा. मार्सियाल दोन चाकांवरून चारांवर आला तेव्हा हाही आपले पाने घेऊन मागोमाग आला. "खुर्चीत बसून शर्यत म्हणजे म्हातारपणच की," एवढंच म्हणाला होता. आत्ता तो बॉनेटखाली खांद्यापर्यंत शिरला होता आणि वर बघत नव्हता.

"बघ, माझ्याकडे बघतसुद्धा नाही," मार्सियाल म्हणाला. "काल शेजारच्या त्या इटालियन शर्यतवाल्यांच्या तंबूत वाइन पीत बसला होता."

"तूही बसला होतास."

"मी वाइनसाठी बसलो होतो."

एवढ्यात मालक पेरेल आले. गाड्या त्यांच्या, आणि गावाबाहेरच्या सूतगिरण्याही त्यांच्याच. दोन्हींकडे ते एकाच नजरेनं बघत: धागा कुठं तुटतोय.

"काय सापडलं, आंसेल्म?"

आंसेल्मनं मान बाहेर काढली. "खडा, मालक. पेट्रोलच्या जाळीत बसला होता. गाडी वळणाला लागली की तोंडावर यायचा, इंजिन उपाशी राहायचं. चूक माझी."

"काल म्हणालास नळी पिचली होती. परवा प्लग."

"तेही होतंच."

"म्हणजे रोज नवीन." पेरेलांचा आवाज खाली आला. "कुणाचे पैसे खातोस रे?"



"म्हटलं नव्हतं?" मार्सियाल कुजबुजला. त्याच्या आवाजात राग होता. आणि सोलांजला वाटलं, थोडं सुटल्यासारखंही.

"सामान उचल आणि नीघ," पेरेल म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या गाडीपाशी उभं राहायचाही विचार करू नकोस. तू काय केलंस ते मी सगळ्यांना सांगणार आहे."

आंसेल्मनं नुसती मान डोलावली, मालकानं चाकं बदलायला सांगावं तशी.

"दाखव तर खरं तो खडा," मार्सियाल पुढे होत म्हणाला.

आंसेल्म जरा घुटमळला. मग त्यानं काळी मूठ उघडली. तळव्यावर मसुरीच्या दाण्याएवढा पांढरा खडा होता. पेरेलांनी लांबूनच पाहिला आणि तोंड फिरवलं. मार्सियालनं तो उचलला. खडूचा. इथल्या रस्त्याकडेला असे हवे तेवढे मिळतात. त्यानं तो बोटांत दाबला, तर त्याची कोरडी पूड झाली. त्यानं बोटं नाकाशी नेली. पुन्हा नेली.

पेट्रोलच्या जाळीतून निघालेला खडा, आणि पेट्रोलचा वास नाही. ओलसुद्धा नाही.

त्यानं आंसेल्मकडे पाहिलं. आंसेल्म चिंधीनं एकेक बोट पुसत होता.

"बघतोस काय?" आंसेल्म म्हणाला. "जा, पाणी पी. दुपारी चालेल गाडी नीट. नवा माणूस येईल तो जाळी साफ ठेवेल."

सोलांजच्या तोंडाशी एक वाक्य आलं. ते तिनं कितीदा तरी जुळवलं होतं, कांदा चिरताना, चादरी झटकताना. बोललं की रविवारच्या शर्यतीतली गाडी त्याच्या हातून जाणार, मग पुढच्या सगळ्याच जाणार. आणि मार्सियालला गाडीखेरीज धड काही येत नाही, साधा कॉफीचा पेलासुद्धा विसळता येत नाही. तिनं ते गिळलं, आणि गिळताना आंसेल्मकडे बघायचं टाळलं.

आंसेल्मनं पान्यांची पिशवी खांद्याला लावली. तो गव्हाच्या कडेकडेनं चालू लागला. ओझ्यानं एका बाजूला कलला होता.

"आंसेल्म," मार्सियालनं हाक मारली. "पिशवी खाली ठेव."

"जाऊ दे ना."

"ठेव म्हणतो ना!"

मग तो पेरेलांकडे वळला. चेहऱ्यावर चष्म्याच्या जागा तेवढ्या स्वच्छ होत्या, बाकी सगळी धूळ. एखाद्या लहान मुलासारखा दिसत होता.

"गाडीत काही बिघाड नाही, मालक," तो म्हणाला. "ॲक्सिलरेटरवरचा पाय मी उचलतो. त्या वळणाची मला भीती वाटते."