टपोरे अश्रू

"'इन्स्पेक्टरांच्या डोळ्यांतून दोन टपोरे अश्रू ओघळले,'" नवऱ्याने वाचलं आणि जीभ चावली.

"झालं!" खाटेवरून बायको कडाडली. "इन्स्पेक्टरसुद्धा? अहो, आधी सासू, मग दूधवाला, आता हा! या मेल्याच्या पुस्तकात साधं कुणी रडतच नाही!"

गोष्ट मात्र नामी होती. हरवलेली पोर, गोड बोलणारा मामा, मागच्या खोलीला लागलेलं नवं कुलूप. दोघांचाही जीव तिच्यात अडकला होता. पण ऐन रंगात आलं की हा 'टपोरे' शब्द यायचा, घासात खडा यावा तसा.

तिचं डोकं भादरलेलं होतं. हाताला सलाईन, म्हणून तो वाचून दाखवत होता. डोक्यातली गाठ बोलण्याच्या जागेला चिकटलेली होती. काढताना शब्द जाऊ शकतात, कदाचित सगळेच, असं डॉक्टरांनी काल तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून तिच्या तोंडाचा पट्टा थांबला नव्हता.

पुढच्या पानावर पोरीची आई रडली. त्याने तेवढा शब्द गिळला.

"गाळलात ना?"

"छे गं."

"मला शिकवू नका. थाप मारताना कान लाल होतात तुमचे."

स्ट्रेचर आला. शेवटची चार पानं उरली होती. पोर जिवंत आहे की नाही, ते त्यांत होतं.

"पटकन वाचू?" त्याने घाईने पान उलटलं. "नंतर..."

"नको. मिटा ते. माझ्या कानात शेवटचा शब्द तो नको." ती स्ट्रेचरवर आडवी झाली. "आणि माझ्या मागे एकट्याने वाचलंत, तर याद राखा."

तो बाहेर बसून राहिला. पुस्तक मांडीवर होतं, पण उघडायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी त्याला आत बोलावलं. ती जागी होती. डॉक्टरांनी तिच्यासमोर पेन धरलं. "हे काय?" ती नुसती बघत राहिली. मग चमचा. मग घड्याळ. ओठ हलले, पण शब्द काही येईना. डॉक्टरांनी नवऱ्याकडे बोट केलं. "बरं, हे कोण?"

काही नाही.

एरवी त्याला एक वाक्य पुरं करू न देणारी बाई ती. आता मात्र त्याचा धीर सुटला. डोळे वाहू लागले, त्यांच्या जोडीला नाकही.

ती त्याच्या तोंडाकडे निरखून बघत होती. हळूहळू कपाळाला आठी पडली.

"ट... टपोरे," ती म्हणाली.

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सुरुवातीला असा भलताच शब्द येतो. धीर धरा."

नवऱ्याने जोरजोरात नकारार्थी मान हलवली. बाहीने नाक पुसलं आणि तिच्यावर वाकला.

"नाही गं बाई," तो म्हणाला, "साधेच आहेत."