मधल्या खणातलं पिस्तूल

"स्वस्तातलं नको आणि मिरवायचंही नको," व्हर्ना म्हणाली. "पैसे वसूल होतील असं दाखव."

ऑरिनने आपल्या बंदुकांच्या दुकानात काचेखालच्या मधल्या खणातून दोन पिस्तुलं काढून हिरव्या कापडावर ठेवली. प्रत्येकाचं गोळ्यांचं मॅगझिन काढलं, आत गोळी नाही हे आधी स्वतः पाहिलं, मग तिला दाखवलं. एकतीस वर्षांची सवय. तेवढ्यात त्याने तिच्याकडेही नीट पाहून घेतलं.

व्हर्ना लुंडक्विस्टने गावच्या पोस्टात खिडकीवर उभा जन्म काढला होता. नवरा मार्चमध्ये गेला. बंदुकीला तिने कधी हात लावला नव्हता, आणि आज मंगळवारी सकाळी दुकान उघडताच ती दारात हजर. 

एकोणीस वर्षांपूर्वी लाकडाच्या गिरणीतला एक माणूस असाच एकटा आला होता. त्याचंही पहिलंच पिस्तूल. त्याने घासाघीस केली नाही, गॅरंटी विचारली नाही. महिन्याभरात त्याने त्याच पिस्तुलाने जीव दिला आणि गावाने त्याला पुरलं. तेव्हापासून एकट्या आलेल्या गिऱ्हाइकाचं बोलणं ऑरिन कान देऊन ऐकायचा. मनाला पटलं नाही तर विकत नसे.

"कशाला हवंय गं तुला?"

"अस्वल येतं मागच्या दाराशी. कचऱ्याचा डबा उपडा करतं."

"या नऊ मिलिमीटरच्या गोळीने त्याला गुदगुल्या होतील."

"मग हसत हसत जाईल. तू दाखव ना."

पहिल्या पिस्तुलाची वरची सरकती स्लाईड तिला मागे खेचवेना. बोटं संधिवाताने वाकडी झालेली. दुसऱ्याची स्प्रिंग मऊ होती. तिने दात-ओठ खाल्ले आणि ती खटकन मागे आली.

"हे घे," ऑरिन म्हणाला. "खालच्या खणातलं दोनशेने स्वस्त आहे, पण चाप खरखरतो. वरच्या खणात नुसत्या पॉलिशचे पैसे. हे चारशे ऐंशी डॉलरचं, दोन मॅगझिनं सोबत. तुझ्या नातवंडांना पुरेल."

"नातवंडं आहेत कुठे मला? गॅरंटी?"

"जन्मभराची."

"माझ्या की पिस्तुलाच्या?"

तो हसला नाही. गॅरंटी विचारली म्हणून मात्र त्याला जरा बरं वाटलं. मग ती साफ कसं करायचं, तेल कुठलं, सुटे भाग मिळतात का, असं पोस्टातल्या बाईसारखं खोदखोदून विचारत बसली. तिला निघायची मुळी घाईच नव्हती.

"तुझा बिस्किट दिसत नाही?" काउंटरखाली डोकावून तिने विचारलं.

"शेजारच्या हॉवर्डला दिला. त्याचं आवार मोठं आहे. कुत्र्याला पळायला बरं."

"आणि भिंतीवरची तुझी गळाची काठी?"

"तीही त्यालाच. माझ्याच्याने आता कुठे होतं? कॉफी पाजली असती, पण यंत्रही गेल्या आठवड्यात चर्चला देऊन टाकलं."

"माल कमी दिसतोय."

"थंडीत कोण येतंय?"

एकटं माणूस असं काहीबाही विचारत बसतं, हे ऑरिनला चांगलं ठाऊक होतं. बायको, पॉलीन, गेल्यापासून त्याच्याही घरात दुसरा आवाज नव्हता. संध्याकाळी तो रेडिओ लावायचा आणि ऐकायचा नाही. त्याला व्हर्नाची फार कीव आली.

"कोणाशी बोलतेस का गं?" त्याने हळूच विचारलं. "म्हणजे रात्री वगैरे जड गेलं तर?"

"बोलते की. तू?"

"माझं काय," तो म्हणाला आणि अर्जाचे कागद पुढे सरकवले.

तिने एकेक रकाना सावकाश भरला. पिस्तूल घ्यायला लागणारा सुरक्षेच्या परीक्षेचा दाखला पर्समधून काढला. तीसपैकी तीस.

"गोळ्या किती डब्या?"

"गोळ्यांचं नंतर बघू."

ऑरिन थबकला. एवढं सगळं विचारणारी बाई गोळ्या नको म्हणते, याचा अर्थ त्याला लागेना. पण कॅलिफोर्नियात दहा दिवसांची मुदत असते. पैसे आज, पिस्तूल दहा दिवसांनी. निदान तेवढे दिवस तिच्यावर लक्ष ठेवता येईल, तिने कधी वाकडा विचार केलाच असेल तर तो निवळेल. त्याने शिक्का मारला.

"पुढच्या शुक्रवारी, सकाळी अकरानंतर ये."

"हातात कोण देणार?"

"मीच. परवाना माझ्या एकट्याच्या नावावर आहे."

"नाहीतर मी संधिवाताचे पाय ओढत यायचं आणि दाराला कुलूप!"

"एकतीस वर्षांत दिलेली तारीख चुकवली नाही मी."

"ठाऊक आहे. म्हणून तर विचारतेय. शुक्रवारी तू इथे असशील, ऑरिन. म्हण."

तो काचेवरचं हिरवं कापड उगाच नीट करत राहिला. ही बाई दहा दिवस कशाच्या तरी आधाराने काढू पाहते आहे, असं त्याला वाटलं. नाही म्हणवेना.

"असेन," तो म्हणाला. "शब्द दिला."

व्हर्नाने वाकड्या बोटांनी त्याचा हात दाबला. बाहेर पार्किंगमध्ये बर्फ भुरभुरत होतं. गाडीत बसून तिने दार ओढून घेतलं आणि फोन लावला. पोर्टलंडला ऑरिनच्या मुलाने, क्लेने, पहिल्याच घंटीला उचलला.

"तू म्हणत होतास ते खरंय रे, देऊन टाकलंय त्याने सगळं," ती म्हणाली.  "पण दहा दिवस तो स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करणार नाही, शब्द दिलाय मला. तू आजच नीघ."