कर्नलसाहेबांना समजावताना

"मॅडम, तेवढं एकदा परत सांगा," कर्नलसाहेब म्हणाले. "विषाणू जिवंत असतो की मेलेला?"

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. हाच प्रश्न कर्नलसाहेबांनी पहिल्या बैठकीत विचारला होता. दुसऱ्या बैठकीतही.

"साहेब, तसा जिवंत नाही आणि तसा मेलेलाही नाही."

"म्हणजे आमच्या जुन्या कचेरीसारखा," कर्नलसाहेब म्हणाले आणि स्वतःच खो-खो हसले. मग त्यांनी चष्मा पुसायला घेतला. तो पुसून होईपर्यंत अख्खा आयोग ताटकळला.

जैवतंत्रज्ञान आणि देशाची सुरक्षा यांबद्दल सरकारला सल्ला देणारा हा आयोग. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. बाकी काही अधिकारी, काही प्राध्यापक. विषाणूंवर स्वतःच्या हातानं काम करणाऱ्या तेवढ्या एकट्या मॅडम. सगळ्या चर्चेचं गाडं येऊन एकाच मुद्द्यावर रुतलं होतं. धोकादायक विषाणू हाताळणाऱ्या शास्त्रज्ञांवर सरकारनं नजर ठेवावी का? त्यांचे फोन, प्रवास, गाठीभेटी, सगळ्यावर?

मॅडमचं म्हणणं, अजिबात नको. त्यांच्या प्रयोगशाळेत लशीचं काम आत्ता कुठे आकाराला येत होतं. पाळत सुरू झाली की चांगली पोरं बाहेरची वाट धरणार आणि उरलेली खुलासे देत बसणार.

"आमच्याकडे कुणी उठून चौकात जाऊन बोलत नाही," त्या प्रत्येक बैठकीत सांगायच्या. "काय बोलायचं नि काय नाही, एवढी अक्कल आम्हाला आहे."

मतं निम्मी-निम्मी फुटली होती. कर्नलसाहेबांचं मत ज्या बाजूला पडेल, तो अहवाल. आणि कर्नलसाहेबांच्या डोक्यात काही म्हणजे काही शिरत नव्हतं. मॅडमनी फळ्यावर चित्रं काढली. कर्नलसाहेबांनी विचारलं, "हे शेपूट कशाला?" मॅडमनी जनुक म्हणजे काय ते सांगितलं. अर्ध्या तासानं ते म्हणाले, "पण हा जनुक चावतो कसा?"

"आज काय?" घरी नवऱ्यानं विचारलं. तो शाळेत गणित शिकवायचा, तेव्हा असली डोकी त्याला नवीन नव्हती.

"आज परत जिवंत की मेलेला! अरे, माणूस आहे की दगड? माझं वर्षभराचं काम या बाबाच्या एका हातावर लटकलंय."

"तू विज्ञान शिकवत बसतेस. फौजी माणूस तो. कुलूप, किल्ली, पहारा, असं सांग."

"त्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटून दाखवते."

"ते मतदान झाल्यावर," नवरा म्हणाला आणि ताटं घ्यायला उठला.

मतदानाच्या आदल्या दिवशी कर्नलसाहेबांनीच मॅडमना कँटीनमध्ये गाठलं. हातात चहा, चेहरा ओशाळलेला.

"मॅडम, मला मत तुमच्याच बाजूनं द्यायचंय. पण मन धजावत नाही. चोर शिरणार कुठून, तेच कळत नाही. खिडकीतून?"

"आमच्याकडे खिडक्याच नाहीत, साहेब."

"मग चोर येणारच नाही. मग एवढा आयोग कशाला?"

"येऊ शकतो! पण दोष माणसांत नाही, व्यवस्थेत आहे."

"व्यवस्था म्हणजे... छप्पर?"

तिथं मॅडमचा बांध फुटला. त्यांनी साखरेचं भांडं बाजूला सारलं आणि बोटानं टेबलावर प्रयोगशाळेचा नकाशाच काढला. ही शीतपेटी. हिचं कुलूप नुसतं दाखवायला, चापट मारली तरी उघडतं. इथं सही करणारा माणूस वाचत नाही. आणि नमुने एका संस्थेतून दुसरीत जाताना मधल्या वाटेत गाडीत कुणाच्या ताब्यात असतात? कुणाच्याच नाही!

"कुठली गाडी?"

त्यांनी गाडी सांगितली, वार सांगितला, रस्ताही सांगितला.

"तेव्हा कुलपं बदला. गाडीला पहारा द्या. माणसांच्या मागे काय लागता?"

कर्नलसाहेबांनी टेबलावरचा तो नकाशा स्वतःच्या बोटानं एकदा गिरवला. मग म्हणाले, "आत्ता समजलं, मॅडम. सगळं समजलं."

त्या संध्याकाळी मॅडम कितीतरी दिवसांनी नवऱ्याशी न चिडता बोलल्या.

सकाळी मतदान सुरू झालं. अध्यक्षांनी एकेकाला विचारलं. मतं ठरल्याप्रमाणे निम्मी-निम्मी पडली. शेवटी कर्नलसाहेब राहिले.

"नजर ठेवावी," ते म्हणाले.

मॅडम ताडकन उठल्या. "अहो, काल तुम्हीच म्हणालात ना, समजलं म्हणून!"

"म्हणूनच."

आणि कर्नलसाहेब बोलायला लागले. शीतपेटीचं कुलूप, न वाचता होणारी सही, गाडी, वार, रस्ता. ओळीनं, न अडखळता, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. समोरच्या अधिकाऱ्याचा लिहिता हात थांबला. मॅडम हळूहळू खाली बसल्या.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" अध्यक्षांनी विचारलं.

 कर्नलसाहेब मॅडमकडे वळले.

"माफ करा," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "पकडून आणलेल्या माणसांना बोलतं करायचं, एवढीच माझी नोकरी होती. मारलं की माणूस खोटं बोलतो, मॅडम. वैतागला की खरं."