भामाबाईचं मत

अमृतरावांनी भामाबाईला हाताला धरून आणलं आणि पुढच्या खुर्चीवर बसवलं. शाळेच्या पटांगणात ग्रामसभा तापली होती. गावच्या तळ्याची भिंत झिरपत होती आणि पाटबंधारे खात्यानं गावालाच विचारलं होतं : भिंत दुरुस्त करायची, की फोडून नदी पुन्हा वाहती करायची? दोन तास नुसतं भांडण चाललं होतं.

अमृतराव नदीच्या बाजूचे. भाषण त्यांनी झकास ठोकलं. नदी म्हणजे आई, आईला आपण कोंडून ठेवलंय, वगैरे. त्यांची वीस एकर काळी जमीन तळ्यात बुडालेली होती, तेवढं सांगायचं मात्र राहून गेलं.

भामाबाईची अडीच एकर गेली होती. बहात्तरच्या दुष्काळात भिंत बांधली, तेव्हा रोजगारासाठी तिनंच त्या भिंतीवर माती टाकली आणि पुढच्या पावसाळ्यात तिचंच रान बुडालं. तिचा मुलगा विनोद जन्मभर लोकांच्या शेतात रोजानं राबला. आता भिंत फुटली तर ज्याचं रान त्याला परत मिळणार होतं. विनोद महिनाभर आईला तेच सांगत होता. वाहती नदी तिच्याइतकी वर्षं पाहिलेलं दुसरं माणूसही गावात उरलं नव्हतं. ती म्हणेल तिकडे निम्मं गाव जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"सांगा भामामाय, कशी व्हती नदी?" अमृतरावांनी विचारलं.

"लई देखणी व्हती," भामाबाई म्हणाली. "वाळू पांढरीफेक. चैतात बी झिरा उकरला की गोड पाणी. अन् टरबुजं तर एवढाली!" तिनं दोन्ही हात फाकून दाखवले. लोक हसले. विनोद तर मनातल्या मनात रानात नांगर घालूनही मोकळा झाला.

खात्याकडून आलेल्या शिवानी मॅडमनी भामाबाईच्या नावापुढे 'नदी' असं लिहिलं.

"खोड ते, पोरी. तळं लिव्ह."

विनोद ताडकन उठला आणि पुन्हा बसला. आईचा इतका राग त्याला कधीच आला नव्हता.

"आवो, तुमचं रान पाण्यातून निघून राहिलंय!" अमृतराव कळवळून म्हणाले. "अन् आताच म्हणलात ना, नदी देखणी व्हती म्हणून?"

"व्हतीच की. वर तुमचा पाणवठा, खाली आमचा. तुमच्या म्हशी धुऊन झाल्या की ते पाणी आमच्या घागरीत यायचं. तळं झालं अन् पाणी थांबलं, अमृतराव. तवापासून तुमची माय अन् मी एकच पाणी पेलो."