बाईंची मुलगी

"या पोरीच्या डोक्यात नुसता भुसा भरलाय! हिला जन्मात भागाकार यायचा नाही."

बाई हे नवऱ्याला म्हणाल्या. तो चहाचा कप ठेवायला आत आला होता. त्यानं लॅपटॉपच्या पडद्याकडे बोट दाखवलं. माइक चालू होता.

पडद्यावरच्या चौकटींत तिसरीचा अख्खा वर्ग बसला होता. एरवी कोणाचा तरी कुकर शिट्टी मारायचा, कोणाचं तरी लहान भावंड रडायचं. आता टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मग एका पोरानं विचारलं, "बाई, कोणाच्या डोक्यात भुसा?"

बाईंनी घाईघाईनं "उद्या भेटू" म्हटलं आणि तास बंद केला.

ज्या मुलीला त्या बोलल्या होत्या, तिला सगळे बडबडी म्हणायचे. चौदा पेन्सिली चार मुलांत वाटायचं गणित होतं. प्रत्येकाला तीन, बाकी दोन. बडबडी ऐकेना. "बाकी कशाला ठेवायची? अर्धी अर्धी मोडून देऊ ना!" बाईंनी एकदा समजावलं, पुन्हा समजावलं. तिसऱ्या वेळीही तिनं तेच विचारलं, आणि नेमका तेव्हाच चहा आला.

"अगं, लहान आहेत. विसरतील," नवरा म्हणाला.

"तुम्ही विसरला होतात का लहानपणी?"

वर्गात सगळ्यांसमोर त्याला कोण काय म्हणालं होतं, ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही तो कधीकधी बोलून दाखवायचा.

चहा तसाच गार झाला. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बोलताना पोरीचं नाव घेतलं नव्हतं, एवढाच काय तो आधार. पण आधी दोन वेळा तिलाच समजावलं होतं. मुलं काय दुधखुळी असतात? दुपारभर त्यांनी मनातल्या मनात माफी मागून पाहिली. शेवटी ठरवलं, उद्या तास सुरू झाल्या झाल्या सगळ्यांसमोर सांगायचं. सगळ्यांसमोर बोलले, तर माफीही सगळ्यांसमोरच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घसा खाकरला. "मुलांनो, काल मी एक फार वाईट..."

"बाई, मी आधी बोलू?" बडबडीचा हात वर होता. ती कॅमेऱ्याच्या इतकी जवळ आली होती की अर्ध्या चौकटीत तिचं कपाळच दिसत होतं. "तुमच्या मुलीला सांगा, बटणं घेऊन बसायचं. चौदा बटणं घ्यायची. चार वाट्या घ्यायच्या. एकेक टाकत जायचं. शेवटी दोन हातात राहतात. बटणं मोडता येत नाहीत ना, म्हणून ती मुठीत धरून ठेवायची. तीच बाकी! मला आलं, तिलाही येईल."

"माझ्या मुलीला?" बाईंच्या तोंडून कसंबसं निघालं.

"काल तुम्ही रागावलात ना तिला? भुसा म्हणालात ती." बडबडीनं आवाज खाली आणला, जणू बाकीच्यांना ऐकूच जाणार नव्हतं. "तसं नका म्हणू, बाई. तिला ऐकू गेलं असेल."

चौकटींमध्ये एकदम गलका झाला. बाई, तुम्हाला मुलगी आहे? कितवीत आहे? आम्हाला दाखवा ना!

बाईंच्या घरात त्या आणि नवरा, दोघंच. मूल नव्हतंच. माफीचे शब्द जिभेवर होते, पाठ होते. पण पोरीचा तो आनंदानं फुललेला चेहरा समोर होता, आणि सुटायची वाटही समोरच उघडी होती.

"तिसरीत आहे," बाई म्हणाल्या. "आत्ता झोपलीय."

दाराशी उभा असलेला नवरा मान खाली घालून आत निघून गेला.

तास कसा संपला, ते बाईंना कळलं नाही. कालची चूक जिभेची होती. आजची जाणूनबुजून केलेली होती, तीही आठ वर्षांच्या पोरीच्या आडोशाला लपून. त्यांनी तिच्या आईला फोन लावला.

"मी तुमच्या मुलीला शिकवते," बाई म्हणाल्या. पुढचं सगळं एका दमात बाहेर पडलं. "मला मुलगी नाहीये. काल मी तुमच्याच मुलीला बोलले. तिचा काहीतरी गैरसमज झालाय, आणि मी तो होऊ दिला. तिला फोन द्या. मला तिला खरं सांगायचंय."



"गैरसमज नाही झाला तिचा," आई म्हणाली. "मी तिच्या मागेच कपड्यांच्या घड्या घालत होते. सगळं ऐकलं मी. तास संपला तशी रडवेली होऊन माझ्याकडे बघायला लागली. आई, बाई कोणाला म्हणाल्या गं? मीच सांगितलं, त्यांच्या मुलीला म्हणाल्या. मग डोळे पुसले आणि म्हणाली, बिचारी! मी शिकते आणि तिला सांगते. संध्याकाळी बटणांचा डबा काढून बसलो आम्ही दोघी."

बाई हळूच म्हणाल्या, "तरी मला तिला खरं सांगू द्या. माझ्यानं असं राहवणार नाही."

"खरं सांगून तुमचं मन हलकं होईल, बाई. तिचं काय?"

फोन ठेवण्याआधी आई शांतपणे म्हणाली,

"उद्या ती विचारेल, तुमच्या मुलीला जमलं का. थोडं थोडं जमतंय, असं सांगा."